बेगमी

(विहाराच्या वर्धापनदिनी संगमेश्वर येथे केलेले भाषण)





कार्यकर्त्यांनी आम्हांला विचारले, "भाऊ, यंदा विषय कोणता घेणार?" आम्ही म्हटले, "घरखर्च." पोरे हसली. त्यांना वाटले होते, आम्ही गिरणी कामगार, चळवळीत वाढलेले, म्हणजे संप, संघटना, आरक्षण असे काहीतरी बोलणार. एक जण तर म्हणाला, "भाऊ, हा विषय बायकांचा आहे." बांधवांनो, तो विषय बायकांचा आहे असे म्हणून आपण पुरुषांनी अंग काढून घेतले, म्हणूनच आज तो व्यासपीठावर आणायची वेळ आली आहे. आम्ही नववीपर्यंत शिकलेले. पुढचे जे काही शिकलो ते रात्रपाळीहून आल्यावर वाचनालयात बसून आणि संसारात ठेचा खाऊन. त्यातल्या दोन ठेचा आज तुमच्यापुढे मांडणार आहोत. पोथीतले कमी आणि घरातले जास्त बोलणार आहोत. गोड मानून घ्यावे.

आपण कोकणातली माणसे. आपल्याला बेगमी म्हणजे काय ते कोणी शिकवायला नको. वैशाख लागला की आपल्या बायकांना उसंत नसते. लाकूडफाटा पडवीत रचायचा, शेणी रचायच्या, सुकट-बोंबील उन्हात खडखडीत वाळवून डब्यात भरायचे, कोकमाची सोले करायची, फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवायच्या, कुळीथ निवडायचे, पापड लाटायचे. का? तर पुढे चार महिने शास्त्री आणि सोनवी दुथडी भरून वाहणार, वाट बंद होणार, मजुरी मिळणार नाही. पाऊस येणार की नाही असा प्रश्नच नाही. तो येणारच. ज्या घरात बेगमी नाही त्या घराने ज्येष्ठ-आषाढात दुसऱ्याच्या दारात उभे राहायचे, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते.

आता आम्ही विचारतो, तांदळाची बेगमी करणारे आम्ही, पैशाची बेगमी का करीत नाही? आजारपण येणारच. मुलांचे शिक्षण येणारच. काम सुटण्याचा दिवसही येऊ शकतो. म्हातारपण तर चुकतच नाही. हेही पावसाळेच आहेत. पण ते आले की आपण चकित होतो आणि कोणाच्या तरी दारात उभे राहतो.

आमच्या डोळ्यांसमोरचा पहिला असा पावसाळा म्हणजे १९८२ सालचा संप. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. आमचे वडील त्यातले एक. आम्ही तेव्हा पंधरा वर्षांचे, गावी नववीत. वडिलांची मनीऑर्डर दर महिन्याला पोस्टमन घेऊन यायचा. फेब्रुवारीत पोस्टमन दारावरून पुढे गेला. आई ओटीवर उभी होती. तिने हाक मारली, "पोस्टमन भाऊ, आमचं काय?" तो म्हणाला, "नाय आलं काकी." असे तो वर्षभर म्हणत राहिला. वडील गावी आले ते हातात फक्त एक वळकटी घेऊन. गिरणीत वीस वर्षे घाम गाळलेल्या माणसाकडे एक महिना पुरेल एवढी शिल्लक नव्हती.

संप न्याय्य होता, हे आम्ही आजही छातीठोक सांगतो. पण एक गोष्ट लक्षात घ्या. मालक थांबू शकत होता, कामगार थांबू शकत नव्हता. मालकाच्या घरात बेगमी होती. आमच्या घरात आईच्या गळ्यातली सोन्याची चार मणी होती, ती आधी गेली. मग भाताची दोन मापे उसनी आली, ती दीडपट करून परत करावी लागली. मग आमची शाळा गेली. लढाई लढायलासुद्धा घरात चार दाणे लागतात, हा धडा आम्हांला त्या वर्षी मिळाला. तो कळायला मात्र पुढची तीस वर्षे लागली.

आता धम्म काय सांगतो ते पाहू. काहींचा असा समज आहे की बुद्धांनी संसार सोडायला सांगितले, तेव्हा पैशाबद्दल ते काय बोलणार? हा गैरसमज आहे. अंगुत्तर निकायात दीघजाणू नावाच्या कोलियाची कथा आहे. तो भगवंतांना सरळ म्हणाला की आम्ही बायकापोरांत राहणारी, कपडालत्ता घालणारी, सोनेनाणे हाताळणारी साधी माणसे आहोत, आम्हांला झेपेल असे काही सांगा. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. मेहनतीने आणि कौशल्याने कमवा. कमावलेले सांभाळा. चांगल्या माणसांची संगत धरा. आणि चौथी, जमा आणि खर्च यांचा मेळ घालून समतोल जगा. तराजू धरणाऱ्याला जसे नेमके कळते की पारडे इतके खाली गेले, इतके वर आले, तसे गृहस्थाला आपल्या मिळकतीचे कळले पाहिजे.

त्याच ठिकाणी तळ्याचा दाखला आहे. तळ्याला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार वाटा. येण्याच्या वाटा बुजवल्या, जाण्याच्या उघड्या ठेवल्या आणि वरून पाऊसही नाही, तर तळे आटणारच. जाण्याच्या त्या चार वाटा कोणत्या? बाहेरख्यालीपणा, दारू, जुगार आणि वाईट सोबत. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी. त्यातले एकतरी नाव आपल्या वाडीत आज ओळखीचे नाही असे आहे काय?

सिगाल नावाच्या तरुणाला दिलेल्या उपदेशात तर सरळ हिशेबच मांडला आहे. मिळकतीचे चार भाग करावेत. एका भागात घर चालवावे, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि चौथा भाग अडचणीच्या काळासाठी राखून ठेवावा. आता तुम्ही म्हणाल, "भाऊ, आमचे चारही भाग वाण्याच्या दुकानात जातात." कबूल. आमचेही जात. पण चौथा भाग जमत नसेल तर चाळीसावा ठेवा. आणि आपला कामधंदा कोणता? मुलांचे शिक्षण हा आपला धंदा. शिलाई मशीन, चार शेळ्या, दहा काजूची कलमे हा आपला धंदा. जे पुढे जाऊन फळ देते त्यात पैसा जाऊ द्या.

अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत एक आहे ऋण नसल्याचे सुख. बांधवांनो, या सुखाची किंमत आम्हांला विचारा. आता दुसरी ठेच सांगतो. ही आमच्या स्वतःच्या मूर्खपणाची आहे. कोणावर ढकलता येत नाही.

साल २००७. आमच्या धाकट्या भावाचे लग्न. आम्ही गिरणीत होतो, परळला दहा बाय दहाच्या खोलीत राहत होतो. मुंबईतली माणसे आणायला बस हवी, हळदीला मटण हवे, बँड हवा, महामार्गाच्या नाक्यावर आमच्या फोटोचा बॅनर हवा. लोक काय म्हणतील? थोरला भाऊ मुंबईत कार्यकर्ता आहे, व्यासपीठावर भाषणे करतो, त्याच्या घरचे लग्न साधे? आमच्या घरच्यांनी तेव्हा एकदा सांगून पाहिले, "अहो, विहारात करू या. कर्ज काढायचंच असेल तर त्याआधी माझी बोरमाळ मोडा." आम्ही म्हटले, बायकोचे सोने विकून भावाचे लग्न केले असे लोकांनी बोलायला नको. सोने पेटीत ठेवले आणि ४०,००० रुपये व्याजाने उचलले. व्याज शेकडा पाच. ऐकायला किती लहान वाटते! पण शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच. वर्षाला झाले साठ. महिन्याला २,००० रुपये नुसते व्याज. पगाराचा तिसरा हिस्सा गेला.

लग्न झाकपाक झाले. लोक जेवून गेले. मटणात मीठ कमी होते असे चार जण म्हणाले. आणि आम्ही व्याज भरत राहिलो. चार वर्षे. ४८ महिने गुणिले २,००० म्हणजे ९६,००० रुपये. आणि मूळ ४०,००० जसेच्या तसे उभे! ऋण काढून सण करणे ही म्हण आम्ही शाळेत पाठ केली होती.

२०११ साली आमची मोठी मुलगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. तिला परिचारिकेचे शिक्षण घ्यायचे होते. प्रवेश मिळाला. आठ दिवसांत ३०,००० रुपये भरायचे होते. आम्ही सगळीकडे फिरलो. ज्यांना लग्नात मानाच्या खुर्चीवर बसवले होते त्यांच्याकडेही गेलो. कोणाकडे नव्हते, किंवा असतील तर आम्हांला देण्याजोगे नव्हते. मुदत टळली. त्या रात्री मुलगी जेवण वाढत होती. वाढता वाढता तिने विचारले, "बाबा, काकाच्या लग्नात बँड किती वेळ वाजला होता?"

आम्ही म्हटले, "दोन तास."

ती पुढे काही बोलली नाही. भात वाढला आणि आत गेली. आजवर आम्ही शेकडो भाषणे ऐकली आणि केली. तेवढे एक वाक्य आम्हांला आयुष्यभर पुरले.

दुसऱ्या दिवशी बोरमाळ आणि कुड्या मोडल्या, वर थोडे घातले आणि ४०,००० रुपये एकरकमी फेडले. हे चार वर्षांपूर्वी केले असते तर ९६,००० वाचले असते. सोने पेटीत निजलेले आणि व्याज दारात जागे, असा संसार आम्ही चार वर्षे केला. मुलीचा प्रवेश मात्र गेलाच होता. ती औषधाच्या दुकानात कामाला लागली.

आता पुढचे नीट ऐका. कर्ज फिटले त्या महिन्यात घरात २,००० रुपये जास्त दिसू लागले. आमच्या मनात लगेच नवा टीव्ही आला. घरच्या म्हणाल्या, "व्याज भरताना आपण जगलोच ना? मग हप्ता चालूच ठेवायचा. फक्त सावकाराला नाही, पोरीला." दर महिन्याला पगार झाला की आधी २,००० बाजूला. दोन वर्षांत ४८,००० झाले. २०१३ साली मुलीने प्रवेश घेतला. दोन वर्षे उशिरा, पण घेतला. ती दोन वर्षे तिला कोणी परत देऊ शकत नाही. ती आमच्या खात्यावरची बाकी आहे आणि ती फिटायची नाही.

घरच्यांनी त्याच वेळी एक वही घातली. शाळेची, शंभर पानी. चौथी शिकलेल्या बाईने रोजचा खर्च लिहायला घेतला. तीन रकाने. लागणारे, लांबवता येणारे आणि टाळता येणारे. महिनाअखेरीस वही आमच्यापुढे ठेवली. त्यात चौथा रकाना निघाला. वर लिहिले होते 'ह्यांचे'. चहा-भजी, तंबाखू-चुना, गिरणीच्या दारातला उधारीचा वडा आणि आठवड्यातून दोनदा लावलेला मटक्याचा आकडा. बेरीज ९४० रुपये. आम्ही भांडवलदाराच्या नफ्याचा हिशेब तोंडपाठ सांगायचो, पण स्वतःच्या खिशातून महिन्याला ९४० रुपये कुठे जातात ते ठाऊक नव्हते. मटका त्या दिवशी सुटला. तंबाखू सुटायला वर्ष लागले.

तरुणांनो, हसू नका. मटक्याची जागा नंतर मोबाईलवरच्या पत्त्यांनी आणि पैजांनी घेतली. सरकारला २०२५ साली कायदा करून पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर बंदी घालावी लागली. कायदा आला म्हणून खाज जात नाही. दिवसाला १०० रुपयांची दारू म्हणजे वर्षाला ३६,५०० रुपये. दिवसाला २० रुपयांचा तंबाखू म्हणजे ७,३००. पंचशीलातले पाचवे शील पाळले तर मन तर शुद्ध राहतेच, पण पोराची फीसुद्धा निघते.

स्वयंपाकघराचे थोडे बोलतो, म्हणजे माता-भगिनी म्हणायला नकोत की आम्ही आमचेच गाऱ्हाणे गायले. आपल्या घरामागे परसू आहे. पावसात मांडवावर पडवळ, शिराळी, काकडी चढते. माठ, भेंडी, अळू कोणी पेरलेच पाहिजे असेही नाही, थोडे लक्ष दिले तरी होते. शेवग्याचे एक झाड आणि चार कोंबड्या घराला भाजी-अंडे पुरवतात. तरी बाजारदिवशी आपण पिशवीभर भाजी आणि दहा-दहा रुपयांची कुरकुऱ्यांची पाकिटे घेऊन येतो. कुळथाची पिठी आणि भाकरी गरिबीचे जेवण म्हणून आपण टाकले आणि तेच आता शहरात पौष्टिक म्हणून महाग विकतात. वाण्याची उधारीची वही बंद करा. रोख घ्या, महिन्याचे एकदम घ्या, यादी करून घ्या. उधारीत भाव विचारायची सोय नसते.

चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. कोसंबीच्या उदयन राजाच्या अंतःपुरातल्या स्त्रियांनी आनंदांना ५०० चीवरे दान दिली. राजा चिडला. एका भिक्षूला एवढी वस्त्रे कशाला, दुकान घालायचे आहे काय? त्याने जाऊन विचारले, "एवढ्यांचे काय करणार?" आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्या भिक्षूंना वाटू. मग जुनी झालेली? त्यांची पांघरुणे करू. जुनी पांघरुणे? गादीच्या खोळी. जुन्या खोळी? जमिनीवर अंथरू. ती झिजली की? पायपुसणी. जुनी पायपुसणी? झाडायची फडकी. आणि फडकी फाटली की? कुटून चिखलात मिसळून जमीन सारवू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

हे वाचले आणि आम्हांला आई दिसली. नवे लुगडे फक्त कार्याला. जुने झाले की रोजच्या वापराला. विरले की गोधडीला. गोधडी फाटली की दाराशी पायपुसणे. ते झिजले की सारवायचे पोतेरे. तिने चुल्लवग्ग वाचला नव्हता. तिला अक्षर येत नव्हते. पण आनंद थेरांनी राजाला जे उत्तर दिले तेच ती रोज जगत होती. आणि आपण तिला अडाणी म्हणत होतो.

आता कोणी म्हणेल, "भाऊ, तुम्ही आम्हांला चिक्कू व्हायला सांगता." मुळीच नाही. दीघजाणूला सांगताना भगवंतांनी दोन्ही टोके दाखवली आहेत. थोडी मिळकत असून उधळणारा हा उंबराची चार फळे खाण्यासाठी सगळे झाड हलवून फळांची नासाडी करणाऱ्यासारखा. आणि भरपूर असून पोटाला चिमटा घेणारा हा उपाशी मरणाऱ्यासारखा. काटकसर म्हणजे मुलाच्या दुधात पाणी घालणे नव्हे. आजारी माणसाला अंगारा-भस्मावर ठेवणे नव्हे. मोलकरणीची किंवा मजुराची मजुरी कापणे तर नव्हेच, ते पाप आहे. दूध, अंडे, औषध, पुस्तक आणि विहाराची वर्गणी यांना कात्री लावू नका. कात्री कशाला लावायची? लोक काय म्हणतील या एका नावाखाली जो जो खर्च होतो, त्याला.

आमच्या या बोलण्याची परीक्षा २०२० साली झाली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. गिरणीची चाके थांबली ती पुन्हा फिरली नाहीत. पगार येई तो निम्मा, आणि तोही वेळेवर नाही. आम्ही तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. जवळजवळ ज्या वयात आमचे वडील वळकटी घेऊन गावी परत आले, त्याच वयात आम्ही आलो. मुलगी तेव्हा रुग्णालयात कामावर होती, कोरोनाच्या वॉर्डात. रोज जीव मुठीत धरून आम्ही फोनची वाट पाहत होतो. पण एक सांगतो, त्या दिवसांत आम्ही कोणाच्या दारात उभे राहिलो नाही. नऊ महिने पुरेल एवढे पोस्टात होते. त्यातून शेजारच्या दोन घरांना तांदूळही देता आला. गिरणी तीच, बेकारी तीच, घराणे तेच. १९८२ साली आमची शाळा सुटली. २०२० साली आमच्या धाकट्या मुलाचे शिक्षण एक दिवसही थांबले नाही. फरक फक्त शंभर पानी वहीचा.

आता पैसे ठेवायचे कुठे? डब्यात ठेवलेले नजरेसमोर राहतात आणि खर्च होतात. पोस्टात पाच वर्षांची आरडी दरमहा १०० रुपयांपासून उघडता येते. दहा वर्षांच्या आतल्या मुलीसाठी सुकन्या समृद्धी खाते २०१५ पासून आहे, वर्षाला निदान २५० रुपये भरावे लागतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही, हे लक्षात ठेवा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून २ लाखांचा अपघात विमा मिळतो आणि ४३६ रुपयांत पन्नाशीच्या आतल्या माणसाला २ लाखांचा आयुर्विमा. कमावत्या माणसाचा हा विमा नसणे म्हणजे कौले न शाकारता पावसाळ्याला सामोरे जाणे. आणि दामदुप्पट सांगणारा कोणी आला, मग तो नात्यातला असो की चळवळीतला, त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

कर्ज घ्यावेच लागले तर व्याज कसे मोजतात ते विचारा. वाडीत आठवड्याच्या, महिन्याच्या हप्त्याची कर्जे येतात. सांगतात, फक्त बारा टक्के. १०,००० घ्या, वर्षात बारा हप्त्यांनी ११,२०० फेडा. पण पहिल्या महिन्यात तुमच्या हातात १०,००० असतात, शेवटच्या महिन्यात फक्त ८३३. म्हणजे वर्षभरात सरासरी ५,४०० रुपयेच तुमच्याकडे राहिले आणि त्यावर व्याज भरले १,२००. हे झाले बावीस टक्क्यांच्या घरात. बारा नव्हे. हा हिशेब दहावीच्या मुलीकडून करून घ्या आणि मगच अंगठा लावा, नाहीतर सही करा. एकाचे कर्ज फेडायला दुसऱ्याचे घेऊ नका.

त्यापेक्षा आपला बचत गट बरा. नाबार्डने १९९२ साली गट बँकांशी जोडण्याचे काम सुरू केले, तेव्हापासून हा मार्ग पडला आहे. बारा बायकांनी महिन्याला १०० काढले तर वर्षात १४,४०० जमतात. त्यातून घेतलेल्या कर्जाचे व्याज पुन्हा गटातच येते, सावकाराच्या तिजोरीत जात नाही. पण अट एकच. वही चोख, बैठक वेळेवर आणि गटाचा पैसा धंद्याला, शिक्षणाला, औषधाला. हळदीच्या मटणाला नाही.

बांधवांनो, या रत्नागिरी जिल्ह्यात आपल्या आज्या-पणज्यांनी खोताच्या वाड्यावर वेठ केली. खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत मांडले. जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. १९४९ साली कायदा होऊन खोती गेली. एवढ्या कष्टाने घालवलेला खोत आपण आज हप्त्याच्या रूपाने स्वतःच्या पायांनी घरात आणून बसवायचा काय? खोताच्या कुळाची मान जशी खाली असे, तशीच कर्जदाराची असते. मत मागायला आलेल्याला, मजुरी कमी देणाऱ्याला, जातीवरून बोलणाऱ्याला ताठ मानेने नाही म्हणायचे असेल तर घरात चार महिन्यांचे धान्य आणि खात्यात चार महिन्यांचा खर्च पाहिजे. स्वाभिमानालासुद्धा बेगमी लागते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आपल्या बायकांशी बोलले. कथलाच्या, चांदीच्या जड दागिन्यांचा सोस सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असे त्यांचे सांगणे होते. दागिना गेला तरी चालेल, अक्षर आले पाहिजे, हा त्यातला अर्थ. आणि माता रमाई तर आपल्याच जिल्ह्याची लेक, दापोली तालुक्यातल्या वणंदची. बाबासाहेब परदेशात शिकत होते तेव्हा तिने घर कसे ओढले ते आपण गाण्यांतून ऐकतो, डोळे पुसतो आणि बाहेर जाऊन डीजेचा विसार देतो.

शेवटी तीन विनंत्या करून थांबतो. एक, लग्न विहारात करू. पांढरी वस्त्रे, त्रिशरण-पंचशील, मंगल गाथा, दोन हार आणि साधे जेवण, आणि दुसऱ्या दिवशी विवाहाची नोंदणी. पुण्यानुमोदनाचे जेवणसुद्धा साधे. श्रीमंताने आधी साधे करावे, म्हणजे गरिबाला करायला लाज वाटणार नाही. दोन, प्रत्येक घरात एक वही येत्या पौर्णिमेपासून सुरू करू. आणि 'ह्यांचे' हा रकाना विसरू नका. तीन, लग्नातला वाचलेला पैसा कुठे गेला हे विहारात सांगायचे. ज्या घराने बँड टाळून मुलगी शिकवली त्या घराचा सत्कार पुढच्या वर्धापनदिनी याच ठिकाणी करू. आजवर आपण बॅनर लावणाऱ्यांचे सत्कार केले. आता वही लिहिणाऱ्यांचे करू.

आमची मुलगी आज या सभेत आहे. आम्ही तिची गोष्ट सांगणार म्हणून तिची परवानगी घेतली होती. ती म्हणाली, "सांगा बाबा. पण शेवटी एवढंच सांगा की अजून उशीर झालेला नाही." ते तिच्या वतीने सांगतो आणि आपली रजा घेतो.

नमो बुद्धाय! जय भीम!